शून्यावर आणू नका

मी सरांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच बोलतोय. आता गळ्यात नसतो, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात एका ढालीमागे पडून असतो. पण ओळख जुनीच सांगायची सवय आहे. किती वाजले हे मला विचारू नका, ते मला कधीच कळलं नाही. डोक्यावर एकच खटका. एकदा दाबला की मी चालू, पुन्हा दाबला की बंद, तिसऱ्यांदा दाबला की काटे शून्यावर. सुरुवात आणि शेवट माणसाचा अंगठा ठरवतो, मधलं तेवढं मी मोजतो.

कारखान्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी मला आठवडाभर तपासून पाठीवर चिठ्ठी चिकटवली होती : ‘बिनचूक’. तो शब्द मी जरा जास्तच मनावर घेतला.

तिथून आलो तो थेट या खेळांच्या निवासी शाळेत. इथे उजाडायच्या आत शिट्टी होते. मुलं आधी मैदानावर पळतात आणि मग गणिताच्या तासाला डुलक्या काढतात. हरलेला माणूस माझ्याकडे संशयाने बघतो, जिंकलेल्याला माझी आठवणही राहत नाही. बावीस वर्षं हेच पाहिलं. राग कधी आला नाही.

मुलींसाठी नियम साधा होता. वर्षाच्या शेवटी शंभर मीटरची चाचणी. तेरा सेकंदांच्या आत आली, तर पुढचं वर्ष शाळेत. नाहीतर ट्रंक उचलून घरी. जी पास होई, तिच्या गळ्यात सर मला घालत. मेसमध्ये सगळे ताटं बडवत, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर सरांच्या जागी उभं राहून वेळ घेण्याचा मान तिचा.

त्या वर्षी तो मान टिटवीला मिळाला. पळणं आणि बोलणं दोन्ही टिटवीसारखं, म्हणून हे नाव. बारा पूर्णांक नऊ. तिने घरी फोन करून आईला इतक्या मोठ्याने सांगितलं, की फोन नसता तरी आईला ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या मामांनी पलीकडच्या टोकाला पिस्तूल उडवलं, टिटवीने मला दाबलं. पहिली मुलगी नेहमीपेक्षा तीन दशांश मागे. दुसरीही तेवढीच मागे. तिसरीही.

“पोरींनो, काल काय खाल्लंत?” टिटवी ओरडली.

“अंगठा कच्चा आहे तुझा,” सर हसले. “आण इकडे. मामा, होऊ द्या आणखी एक!”

टिटवी सरांशेजारी उभी राहिली. पलीकडे पांढरा धूर उठला. सरांचा अंगठा हलला नाही. मग आवाज इथवर पोचला, आणि तेव्हा कुठे त्यांनी मला दाबलं.

“सर, धूर बघून दाबायचं असं तुम्हीच शिकवलंत ना?”

“मग काय केलं मी?”

“धूर आधीच निघाला होता, सर.”

सर डोळे बारीक करून पलीकडे बघत राहिले. “कुठला धूर?” ते म्हणाले.

टिटवीने पलीकडे विरत चाललेल्या धुराकडे पाहिलं, मग सरांच्या डोळ्यांकडे. माझ्या पाठीवरची चिठ्ठी केव्हाच झिजली होती. त्या क्षणी मला त्या चिठ्ठीवरच्या शब्दाची लाज वाटली. मी बिनचूकच मोजत होतो, पण सरांच्या हातात तीन दशांश उशिरा सुरू होत होतो.

ती काहीच बोलली नसती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण संध्याकाळी ती सरांच्या दारात उभी राहिली. “माझी पुन्हा घ्या, सर. वेळ मामांना घेऊ द्या.”

“काय म्हणतेस, कळतंय ना तुला?”

“हो.”

सकाळी पिस्तूल सरांनी उडवलं. मामांनी धूर बघून मला दाबलं. तेरा पूर्णांक एक. मामांनी मला दोनदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, पण माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. सरांनी आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, आणि त्याच दुपारी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.

टिटवी निघाली त्या दिवशी मेसमध्ये ताटं वाजली नाहीत. दाराशी सरांनी मला तिच्या गळ्यात घातलं आणि तिची ट्रंक उचलली. पायरी उतरताना तिने खटका दाबला. दोघं फाटकापर्यंत चालत गेली, अगदी हळू. तिथे तिने तो पुन्हा दाबला आणि मला सरांच्या हातात दिलं.

“येते, सर.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. अंगठा खटक्यावर आला, आणि त्यांनी तो उचलून घेतला. पुढे शाळेत आकड्यांची नवी घड्याळं आली, फिनिशला कॅमेरा आला. माझी गरज उरली नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

कधी हे कपाट उघडलंत, तर माझ्यावरची धूळ खुशाल पुसा. पण डोक्यावरचा खटका तेवढा दाबू नका. माझे काटे चार मिनिटं अकरा सेकंदांवर उभे आहेत. मेसच्या दारापासून फाटकापर्यंत तिला तेवढा वेळ लागला होता.