आपली नळी आपण धुवायची

"हौशीराम, इथं. फुलीजवळ सही कर."

मुख्याध्यापक बाळासाहेबांनी बोट ठेवलं, हौशीरामने सही केली. प्रयोगशाळेतला परिचर म्हणून अठ्ठावीस वर्षं त्याने बोट ठेवलं तिथं सही केली होती; आजही केली. कागदावर लिहिलं होतं की नववीतल्या सोनलने कुणाला न विचारता कपाटातली ॲसिडची बाटली घेतली, आणि त्यामुळे अपघात झाला. सरांनी ते दोनदा वाचून दाखवलं. हौशीरामला शब्द ऐकू आले, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेबद्दलचे वाटले.

"घे, चहा घे," सर म्हणाले. "सहा महिन्यांवर रिटायरमेंट आलीय तुझी. आता कशाला नसती भानगड? पोरीवर पुण्याला इलाज चालू आहेतच. तुझ्या-माझ्या बोलण्यानं तिचा डोळा काय परत येणार आहे?"

हौशीरामने कढत चहाचा ग्लास अख्ख्या पंजात धरला.

"अरे, भाजत नाही का तुला?"

"नाय सर. बोटं कवाच मेल्यात. ॲसिडनं."

आता खरं काय घडलं ते सांगायला हवं, कारण कागदावर ते कुठंच नव्हतं.

शेतकरी औत पुजतो, शिंपी मशीन पुजतो, तशी हौशीराम दर खंडेनवमीला प्रयोगशाळा पुजायचा. बाटल्या, तराजू, सूक्ष्मदर्शक सगळं खाली उतरवायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. यंदा संस्थेचे पारसमल शेठ नारळ फोडायला आले होते. प्रयोग करताना पोरांचे डोळे सांभाळायला म्हणून शेठनी आदल्या वर्षी चाळीस चष्मे दिले होते, तेव्हा फोटो तर हवाच. फोटोसाठी मोठ्या बाटल्या मागं, लहान पुढं अशी रांग लागली. फोटो निघाला, पेढे वाटले, बाटल्या परत कपाटात गेल्या. पावसाळ्याच्या ओलीने निम्मी लेबलं आधीच सुटली होती. उरलेली ओल्या फडक्याने गेली.

विज्ञानाचे अमृत सर म्हणालेही होते, "मामा, लेबलं लावून घेऊ या."

"सर, डोळं झाकून सांगतो कुठं काय हाय ते," हौशीराम हसला होता. "दुसरा कप्पा, डावीकडून तिसरी बाटली पातळ ॲसिडची. चौथी घट्ट ॲसिडची. लेबल वाचायला मला कवा लागलं?"

गर्वाचं घर खाली, म्हणतात ना! फोटोच्या गडबडीत तिसरीच्या जागी चौथी जाऊन बसली होती.

दिवाळीनंतर नववीचं प्रात्यक्षिक झालं. जस्ताच्या तुकड्यावर पातळ ॲसिड घालायचं आणि बुडबुडे बघायचे, एवढंच. पहिल्या टेबलावर हौशीरामने स्वतःच्या हाताने ओतलं. घट्ट ॲसिड तेलासारखं जड पडतं, हे शाळेत त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? पण तोंडाने दिवाळीच्या गप्पा चालल्या होत्या आणि हात आपला सवयीने चालला होता. त्याच टेबलावरच्या सोनलच्या नळीत बुडबुडे येईनात. नळी नीट धुतलेली नसेल, असं तिला वाटलं. ती उठली आणि नळी तिने नळाखाली धरली. घट्ट ॲसिडात पाणी पडलं की ते उसळतं. ते उसळलं आणि तिच्या गालावर नि डाव्या डोळ्यात गेलं.

आणि ते चाळीस चष्मे? ते बाळासाहेबांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट, कुलपात होते. पोरांनी ओरखडे पाडले तर तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवायचं काय!

हौशीरामने तिचं तोंड वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरलं. ती ओरडत होती. मग जीप आली, ती गेली, आणि फरशीवरचं पाणी त्यानेच पुसून काढलं. तेव्हापासून त्याच्या आत सगळं गप्प होतं. रात्री झोप लागायची, सकाळी जाग यायची. चौथ्या दिवशी त्याची बायको सरूबाई ताटाकडे बघून म्हणाली, "अवो, कालवणात मीठच टाकायचं ऱ्हायलंय! तुमी अर्धी भाकर संपवलीत की."

"हां," तो म्हणाला, आणि उरलेली अर्धीही संपवली.

सही केल्याला आठ दिवस झाले आणि शाळेच्या गावी, घोडेगावच्या एसटी स्टँडवर त्याला चांगदेव भेटला. सोनलचा बाप. हौशीरामच्याच बाजूच्या डोंगरातला, भात झोडणीतून तसाच उठून पोरीला आणायला गेलेला. केसांत भाताचं तूस होतं. शेजारी सोनल, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. पुण्याहून उतरून ती दोघं वरच्या गाडीची वाट बघत होती.

"काय म्हणले डाक्टर?" हौशीरामने विचारलं.

"एक डोळा गेला. दुसरा चांगलाय." चांगदेव बाजारभाव सांगावा तसं बोलला. "आता बास झाली शाळा, भाऊ. घरी ऱ्हाईल, कामाला हात लावील."

"आबा, मी बाटलीला हात नव्हता लावला," सोनल म्हणाली. किती वेळा सांगून झालं असेल कोण जाणे. आवाजात आता भांडणही उरलं नव्हतं. ती हौशीरामकडे वळली. त्यासाठी तिला पूर्ण मान फिरवावी लागली. "मामा, मी फकस्त नळी धुतली. आपली नळी आपण धुवायची, तुमीच सांगता ना?"

"गप ए! मोठ्या माणसाम्होरं खोटं बोलती." चांगदेवने तिच्या दंडाला धरलं. "शाळेनं मला कागद दावला, भाऊ. म्या पयली सही बघितली, तर तुमची. म्हणलं, मग खरंच आसंल. आपल्या बाजूचा माणूस, तो कशाला खोटी सही करल?"

हौशीरामला लाज वाटली. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते फार जोरात आलं.

"चांगदेव, पोरगी खरं बोलतीय. ॲसिड मी वतलं. चुकीच्या बाटलीतलं."

"आन सही?"

"ती बी मीच केली."

शिवी द्यावी, गचांडी धरावी, काहीतरी करावं ना माणसाने! चांगदेवने सोनलचा दंड सोडला, तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "चल बाय, गाडी लागली."

गाडी गेल्यावर हौशीराम तसाच पंचायत समितीत गेला. शिक्षण विभागातल्या साहेबांना त्याने बाटल्या, पूजा, लेबलं, कुलपातले चष्मे सगळं सांगितलं आणि स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहूनही दिलं.

"मग आधीच्या जबाबावर सही का केली?" साहेबांनी विचारलं.

"कर म्हणले, केली."

दहा दिवसांत तो निलंबित झाला. "स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास, आणि मलाही नोटीस आली," बाळासाहेब म्हणाले. हौशीरामने प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. जाण्याआधी एका दिवसाची मुदत मागून घेऊन त्याने अमृत सरांना सोबत घेऊन एकेका बाटलीवर लेबल चिकटवलं होतं.

जानेवारीत चौकशीच्या तारखेला तो पुन्हा घोडेगावला आला. काम आटोपून स्टँडवर बसला होता, तेवढ्यात शाळा सुटली. पोरींच्या घोळक्यात सोनल होती. दप्तर पाठीला, आणि कपाळावर वर सरकवलेला शेठनी दिलेला चष्मा. बैल गेला आणि झोपा केला!

"मामा!" ती जवळ आली. "आबा पाठवत्यात आता. आन चष्मं सगळ्यांना देत्यात. मला पयला देत्यात."

तिचा डावा डोळा मिटलेला होता. चष्म्याच्या काचा मात्र दोन्हीकडे स्वच्छ होत्या.

"तो शाळेतच ठेवायचा असतो, बाय."

"इसरले. उंद्या देते."

हौशीरामला विचारायचं नव्हतं, पण त्याने विचारलंच. "पुन्ना केला का तो प्रयोग?"

"आज केला."

"बुडबुडं आलं?"

"लई आलं, मामा! सर म्हणले नळी राहू दे, मी धुतो. पर मी धुतली."

गाडी लागली. ती चढली आणि दाराच्या बाजूच्या खिडकीत बसली. हौशीराम खाली उभा होता. त्याने हात वर केला, हलवला. सोनल समोर बघत होती. तो उभा होता ती तिची डावी बाजू. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.