विधवेचे शब्द

जिबेकचा देह नमद्याच्या, जाड लोकरी तंबूत पडद्याआड ठेवला होता. बाहेर पुरुष घोड्यांवरून उतरता उतरता हंबरडा फोडत होते. आत आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. आमच्याकडे मेलेल्या माणसाला गाऊन निरोप देतात. प्रत्येकीने आपल्या नात्याच्या शब्दांत गायचे.

माझे नाते कोणते?

"सैरा, तू नावाजलेली गाणारी," जिबेकची सासू बातमा आपा कानाशी कुजबुजली. "मैत्रीण म्हणून गा. ती या घरी हसत आली, हे घाल. आणि ते पोरी पळवण्याचं गाणं इथे नको गं बाई, पाहुणे आहेत."

जिबेक हसत आली नव्हती. ती एकोणीस वर्षांची असताना आपाच्या मुलाने लग्नासाठी तिला नारीनच्या बसथांब्यावरून गाडीत कोंबले होते. त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी राजधानीत, बिश्केकला एक खोली पाहून ठेवली होती.

त्यानंतर बावीस वर्षे मी पळवलेल्या मुलींची गाणी गायले. शिव्या खाल्ल्या, एकदा दगडही. प्रेमाच्या गाण्यांत मात्र जिबेकला कधी डोंगर केले, कधी नदी. रसिकांनी त्याला देशप्रेम म्हटले आणि मी ते खोडून काढले नाही. माझी कीर्ती त्या भित्रेपणावर उभी होती.

आज तिला डोंगर म्हणायचे नव्हते. माझी गायची पाळी आली तेव्हा मी विधवेचे शब्द घेतले.

"माझ्या उशीवरच्या सखे, तुला ओढून आणलं, तू हसत आली नाहीस. तुझ्यासाठी मी केस सोडते, काळं नेसते, वर्षभर उतरवणार नाही..."

मग एकीला हुंदका फुटला आणि सगळ्याच रडू लागल्या.

"काय कला आहे हो!" शेजारीण डोळे पुसत म्हणाली. "नवरा नाही, संसार नाही, कुठून आणते ही बया?"

"माझ्या मढ्यावरही हिलाच बोलवा गं!" दुसरी म्हणाली.

बातमा आपा तेवढी रडत नव्हती. पुरुष जिबेकला दफनभूमीकडे घेऊन गेले. बायकांना तिकडे जाता येत नाही. आपाने चहाचा पियाला माझ्या हाती दिला.

"घसा बसलाय तुझा, पी." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुझं गाणं लागलं की ती रेडिओजवळून हलायची नाही. मला काय कळत नव्हतं? चाळिसाव्या दिवसाच्या विधीला येऊ नकोस."

सबंध तंबूत माझे गाणे तिला एकटीलाच कळले होते.

मी पियाला ठेवला. दाराशी बुटांचा ढीग पडला होता; त्यातून माझा जोड शोधायला बराच वेळ लागला.