फक्कीचं रिंगण

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मृणाली बाईंच्या टेबलाभोवती चुन्याच्या फक्कीचं रिंगण मी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. पूर्णा गावच्या आमच्या शाळेत मी झाडते, पाणी भरते आणि खेळांच्या दिवसांत कबड्डीचं मैदान आखते. दोरी न लावता माझी रेघ सरळ येते. तेवढा एकच गर्व आहे मला.

बाई पाचवीच्या, ही पोरं तिसरीत होती तेव्हापासून त्यांच्याकडेच. त्यांना त्यांच्या आईची किडनी बसवलेली. अंगानं ती परकी म्हणून टाकू नये यासाठी जन्मभर गोळ्या घ्यायच्या, आणि त्या गोळ्यांनीच साध्या सर्दीशी लढायची ताकद जाते. कोरोनाच्या दोन लाटा बाईंनी दार लावून काढल्या, फोनवर शिकवलं. पण पोरांच्या घरचा फोन बापाबरोबर गोदामात ड्युटीला जायचा. एकतीसातली नऊ पोरं अक्षरं विसरली. मग लशीचे दोन डोस घेऊन, डॉक्टर नको म्हणत असताना, बाई परत आल्या.

"केसरीनाथ सर म्हणतात, ऑफिसात बसा," हेडमास्तरांबद्दल त्या मला म्हणाल्या. "रंगूताई, पोरांशिवाय बसायचं तर घर काय वाईट होतं?"

दोन दिवस छान गेले. पोरं रेघेबाहेर बसून पाढे म्हणायची, बाई दोन मास्कांच्या आतून ओरडून घसा बसवून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी अकराच पोरं आली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या लाटेत ज्या घरात पेशंट निघायचा, त्याच्या दारापुढं अशीच पांढरी पावडर मारायचे. गाव विसरलं नव्हतं. मीच विसरले.

शनिवारी पालक आले. पुढं बाईंच्या वर्गातल्या भाविकाची आजी, आक्का. आक्कांच्या जमिनीवर तीन गोदामं उभी आहेत, त्यामुळे आधी त्या बोलतात, मग बाकीचे.

"बाय, तुला तो आजार हाय, तर पोरांत कशाला आलीस?"

"मला नाही झालेला, आक्का. होऊ नये म्हणून लांब बसते."

"मंग तोंड दाखव. दीड वरीस कोनी पाह्यलं न्हाय तुला."

मी मागून हातानं नको-नको केलं. खोलीत वीसेक माणसं, अर्ध्यांचे मास्क हनुवटीला. बाई दारापाशी, वाऱ्याला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मास्क काढला.

गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झालेला. डोळे बारीक झालेले.

"ह्या आमच्या बाई न्हाईत," भाविका म्हणाली.

बाई हसल्या. "आणि सतराच्या पाढ्यात दर वेळी अडकते ती भाविका कुठंय?"

आवाज ऐकला आणि पोरगी एक पाऊल पुढं आली. आक्कांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं.

सोमवारी सहा पोरं आली. सरांनी पाचवी सहावीला जोडली आणि बाईंना तांदळाच्या कोठीत टेबल दिलं, ऑनलाइन माहिती भरायला. सर वाईट नाहीत, नजर चुकवत होते. बाई भांडल्या नाहीत. "पोरं तर येतील," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी मी आक्कांकडे गेले. त्यांनी मला ओट्याच्या पायरीवर बसवलं.

"आक्का, ती रेघ मी मारली. बाईंचा काही दोष नाही. त्यांना पोरांपासून जपायचं होतं, पोरांना त्यांच्यापासून नाही. तुम्ही एक शब्द टाकलात तर गाव ऐकेल. त्यांचा वर्ग त्यांना परत मिळेल."

"तुझी माया हाय गो तिच्यावर," आक्का म्हणाल्या. मग विचारलं, "त्या कोठीत तू जातेस?"

"रोज. पाणी द्यायला."

आक्कांनी आत हाक मारली. सून चहा घेऊन आली, कागदी कपात. कप पायरीच्या कडेला ठेवून तिनं हात चटकन मागं घेतला.

"भाविकाला काल्हेरच्या इंग्लिश शाळेत घातली," आक्का म्हणाल्या. "बस दारात येते. तू पी गो, निवंल."

मी मास्क खाली करून चहा प्यायले. आलं घातलेला, चांगला होता. उठताना विचारलं, कप कुठं टाकू?

"इथं नको," आक्का म्हणाल्या. "घेऊनच जा."