मापाचा शर्ट

गळ्याचं बटण लागलं. नखाएवढं, चार भोकांचं, दुधी रंगाचं... बोट त्याच्यावर तसंच ठेवून तो उभा राहिला. रोज सकाळी गळ्याच्या बटणाशी झटापट व्हायची. मान ताणायची, हनुवटी वर करायची आणि शेवटी नाद सोडून ते उघडंच ठेवायचं. आज या नव्या शर्टाचं नुसतं काजाजवळ नेलं, तर आपण होऊन आत गेलं, ओळखीच्या घरात शिरावं तसं.

"आला ना एकदाचा मापात?" बायको दाराशी उभी होती. "मला वाटायचं, तुम्हाला बेतताना देवानं वेगळीच पट्टी घेतली असेल."

तो हसला. तिचं काही खोटं नव्हतं. रुंद छाती, आखूड हात, लांब धड, शिवाय पुढं आलेलं पोट. तयार कपड्यांच्या दुकानात खांदे बसले की पोटावरची बटणं तोंड उघडायची आणि पोटाला सैल घेतला की बाह्या बोटांवर उतरायच्या. 'साहेबांचं माप जरा अवघड आहे,' असं अदबीनं म्हणून दुकानातली माणसं घड्या घालायला घ्यायची. जन्मभर तो आपल्याच कपड्यांत पाहुण्यासारखा वावरत आला होता. म्हणून तर या खेपेला तिनं गल्लीतला शिंपी गाठला, आणि शिंप्यानं अंगावर माप घ्यायचं साफ नाकारलं. म्हणाला, टेप लागली की माणूस श्वास रोखून धरतो, ते माप खोटं. अंगात मुरलेला एखादा जुना शर्ट पाठवा. तिनं कपाटातून एक काढून दिला होता. कुठला, ते त्यानं विचारलं नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात त्याचं काम बसवण्याचंच. फ्रेमच्या काड्या गरम करायच्या, कानामागं वळवायच्या, नाकावरच्या गाद्या सारख्या टेकवायच्या. गिऱ्हाइकाला तो नेहमी सांगे, नीट बसलेला चष्मा विसरला जातो. आज शर्टाचं तसंच झालं होतं... पाठीवर, काखेत, कुठंच तो जाणवत नव्हता. तरी दुपार होईतो त्याला उगीचच वाटत राहिलं, की विसरलं गेलंय ते शर्ट नव्हे, दुसरंच काहीतरी.

"डावीकडं उतरतंय काहीतरी," खुर्चीतल्या बाई आरशात बघत म्हणाल्या. निवृत्त शिक्षिका, नजर तीक्ष्ण.

तो मागं उभा राहून वाकला. चष्मा सरळ होता, रेषेत. उतरत होता तो त्याचा स्वतःचा खांदा. बाईंच्या डोक्यामागं, आरशात, डावा.

त्यानं खांदा उचलला. लगेच पाठीवर कापड ताणलं आणि गळ्याचं बटण गळ्यात रुतलं. सोडला, तशा सगळ्या चुण्या मिटून शर्ट पुन्हा शांत झाला. पुन्हा उचलला... पुन्हा ते बटण. बाई आरशातून त्याच्याकडंच बघत होत्या.

"मान धरलीय का हो?"

"नाही," तो म्हणाला. "बसलाय तुमचा चष्मा."

दिवसभर एका अंगावर कलून काड्या वळवतो आपण, खांदा उतरणारच, यात काय एवढं... पण हा उतार त्यानं पाहिलेला होता. दादाचा. दादा घरोघरी पंखे दुरुस्त करत फिरायचा, हत्यारांची पिशवी डाव्या खांद्यावर. ती खाली ठेवली तरी खांदा खालीच राहायचा. आणि संध्याकाळी दादा घरात आला की आई त्याच खांद्यावरून तळवा फिरवायची. ताप डोक्यात जाऊन दादा गेला, तेव्हा तो स्वतः काडीसारखा होता, लग्नही व्हायचं होतं. आता वयानं तो दादाच्या पुढं निघून आला होता.

परतताना तो शिंप्याकडं थांबला. मापासाठी दिलेला जुना शर्ट शिंप्यानं घडी करून ठेवलाच होता. करडा, बारीक रेघांचा, खिशाखाली वंगणाचा डाग.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

शिंप्यानं एकदा शर्टाकडं पाहिलं, एकदा त्याच्या अंगाकडं. "असं कसं साहेब? डाव्या खांद्याला अर्धा इंच उतार दिलाय, याच्यावरनंच. बघा ना, कसा बसलाय. तुमचा नाही तर मग कुणाचा?"

"भावाचा."

"मग सख्खाच असणार," शिंपी हसून म्हणाला आणि दोरा दातानं तोडला.

घरी बायको ओशाळली. "अहो, तुमचे सगळे धुवायला होते. आईंच्या कपाटात तळाशी होता, मला वाटलं तुमचाच जुना. मी थोडंच पाहिलं होतं भावजींना?"

तिच्यावर रागवण्यासारखं काही नव्हतं. त्यानं नवा शर्ट उतरवला, खुंटीला लावला. खुंटीवरही त्याची डावी बाजू खाली लोंबत राहिली. मग त्यानं आपला नेहमीचा अंगात घातला. पोटावर ताणणारा, बाह्या दुमडलेला, चुकीचा, पण आपला. गळ्याचं बटण लागलं नाही, तेव्हा त्याला हायसं वाटलं.

आई खिडकीशी बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून ती हातांनीच माणसं बघायची. रोज तो शेजारी टेकायचा, तिचा तळवा त्याच्या खांद्यावर यायचा, क्षणभर थांबायचा आणि परत मांडीवर जायचा, शोधायला आलेली वस्तू इथं नाही असं कळल्यासारखा. इतक्या वर्षांत ती त्याबद्दल कधी काही बोलली नव्हती. त्यानंही कधी विचारलं नव्हतं. फक्त एकदा तरी तो हात आपल्यासाठी थांबावा, एवढंच त्याला हवं होतं... लहानपणापासून, एवढंच.

तो टेकला. खांदा अजून त्या नव्या शर्टाच्या सवयीनं खालीच होता. तळवा आला. मानेपाशी टेकला आणि सावकाश डावीकडं, उतारावरून खाली सरकत गेला. तिथं थांबला. परत गेला नाही.

"आलास?" आई म्हणाली. किती वर्षांनी त्यानं तो आवाज ऐकला होता, ओला, भरलेला. "दमलास रे."

कुणाला म्हणतेयस, आई? विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, थोरला की धाकटा. खांदा उचलला असता तर तिला आपोआप कळलं असतं. नुसता उचलायचा होता. नवा शर्टही आता आड येत नव्हता...

तळवा ऊबदार होता आणि वजनदार, पिशवीसारखा. मी खांदा उचलला नाही. टेप लागल्यावर माणसं करतात तसा मी श्वास रोखून धरला, आणि तिचा हात माप घेत राहिला.