दुसऱ्या बाटलीवरचा फुगा

एप्रिल अर्धा सरला तरी टॅमरॅक गावच्या तळ्यावरचा बर्फ जागचा हलला नव्हता, आणि जोलीन टॉर्गरसनची पदवीही. बर्फ निदान मे उजाडला की जातो. पदवी मात्र पस्तीस वर्षं एका विषयापायी अडून बसली होती.

विषय होता जीवशास्त्र. एकोणिसाव्या वर्षी तिने तो घेतला आणि दीड महिन्यात सोडला. आईच्या बेकरीत पहाटे चारला भट्टी पेटवायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि नऊच्या तासाला तिची मान पुस्तकावर पडायची. "सोड तो नाद," आई म्हणाली होती. "आपल्या हातांना पीठ कळतं. शास्त्र ज्यांना कळतं त्यांना कळू दे." बाकीचे विषय जोलीनने पुढे लग्न, मुलं, नोकरी सांभाळत एकेक करून उरकले. हा तेवढा राहिला. आईचं वाक्य तिने इतकं मनावर घेतलं होतं की शास्त्राचं पुस्तक उघडायच्या आधीच तिला घाम फुटायचा.

पण आता इलाज नव्हता. चर्चच्या बालवाडीत ती बावीस वर्षं मदतनीस होती. संचालिका रूथॅन जूनमध्ये निवृत्त होणार होती आणि त्या खुर्चीवर जोलीनच बसावी असं सगळ्या गावाला वाटत होतं. नियमाला मात्र तसं वाटत नव्हतं. पदवी नसलेल्या माणसाला बालवाडी चालवता येत नाही. चर्चची समिती म्हणाली, "एक जूनपर्यंत थांबतो, जोलीन. मग मात्र जाहिरात द्यावी लागेल." म्हणून चोपन्नाव्या वर्षी तिने कॉलेजचा ऑनलाइन कोर्स घेतला. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. तिचा नवरा आर्लेन, जो सकाळ-दुपार शाळेची बस चालवायचा आणि मधल्या वेळात बायकोची थट्टा करायचा, तो त्याला 'ज्यांना शास्त्र नको त्यांचं शास्त्र' म्हणायचा.

प्रयोगांचं सामान एका खोक्यातून घरी आलं. त्यात थर्मामीटर होतं, छोटा तराजू होता, हातमोजे होते, बाटल्या होत्या. एकूण चार प्रयोग आणि त्यांतले तीन पास व्हायलाच हवेत. प्रत्येक फोटोत आपल्या हाताने नाव आणि तारीख लिहिलेलं कार्ड दिसलं पाहिजे, नाहीतर शून्य. पहिल्या प्रयोगात जोलीनने कांद्याच्या पापुद्र्याचा असा सुरेख फोटो काढला की आर्लेनने तो शेजारच्या डेनिसला नेऊन दाखवला. कार्ड ठेवायचं राहिलं होतं. शून्य मिळालं. दुसरा आणि तिसरा तिने डोळ्यांत तेल घालून पार पाडला. आता चौथा गेला तर कोर्स गेला, आणि पुढचा कोर्स थेट सप्टेंबरात.

चौथ्या प्रयोगाचा कागद उघडला आणि ती मोठ्याने हसली.

"काय गं?" आर्लेनने कॉफीवरून मान वर केली.

"यीस्ट! यीस्ट आहे, आर्लेन. हे मला शिकवणार!"

"मग आता त्यांनीच तुला फी द्यायला हवी."

चार बाटल्या घ्यायच्या, चारींत कोमट पाणी आणि यीस्ट. पहिलीत एक चमचा साखर. दुसरीत काहीही नाही. तिसरीत साखर आणि मीठ. चौथीत साखर, पण यीस्ट उकळून मारलेलं. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर एकेक फुगा चढवायचा आणि चाळीस मिनिटांनी त्याचा घेर दोऱ्याने मोजायचा. पुस्तक सांगत होतं की दुसरा फुगा पडून राहील, कारण खायला मिळाल्याशिवाय यीस्ट हवा सोडत नाही. सगळा प्रयोग त्या पडलेल्या फुग्यावरच उभा होता. बाकीचे तीन ज्याच्याशी ताडून बघायचे तोच तो.

चाळीस मिनिटांनी पहिला फुगा टम्म फुगला होता. तिसरा मरगळलेला होता, चौथा मेलेला. आणि दुसरा पहिल्याइतका नसला तरी चांगला ताठ उभा होता.

जोलीनने बाटल्या घासल्या, उकळत्या पाण्याने धुतल्या आणि सगळं पुन्हा मांडलं. दुसरा फुगा पुन्हा उभा राहिला.

"खरकटं राहिलं असेल," आर्लेन म्हणाला.

"माझ्या स्वयंपाकघरात?"

आर्लेनने विषय बदलला. एकतीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता.

कोर्सच्या चर्चेच्या पानावर प्रत्येकाला काहीतरी लिहावं लागे आणि दुसऱ्या दोघांना उत्तर द्यावं लागे. एरवी तिथे 'छान मुद्दा' यापलीकडे कुणी जात नसे. जोलीनने लिहिलं की माझा दुसरा फुगा फुगतोय, कुणाचा फुगला का? पंधरा मिनिटांत कोल्टन नावाच्या एका मुलाचं उत्तर आलं. तो डुलुथ शहरात पेट्रोल पंपावर काम करायचा आणि सगळा कोर्स गिऱ्हाइकांच्या मधे मधे उरकायचा. "मॅडम, कशाला डोकं शिणवता? बाटल्या मांडल्या मांडल्या दुसरीचा फोटो काढून ठेवा. तेव्हा फुगा पडलेलाच असतो. फोटोत थोडंच घड्याळ दिसतं! सगळे तेच करतात."

तिसऱ्यांदा प्रयोग मांडताना तिने फोन समोर उभा केला, कारण पूर्ण मांडणीचा व्हिडिओ पाठवायचाच होता. मांडून झाल्यावर तिने खरोखरच फोटोही काढला. चार बाटल्या, चार पडलेले फुगे, पुढे ठळक अक्षरांत जोलीन टॉर्गरसन. फोटो झकास आला होता. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

चाळीस मिनिटांनी दुसरा फुगा तसाच उभा होता, जणू तिला वेडावत होता.

ती टेबलाशी बसून राहिली. खिडकीबाहेर तळ्याच्या बर्फाला भोक पाडून दोघेजण अजून मासे धरत बसले होते, एप्रिलात, मूर्खासारखे. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. पस्तीस वर्षांनी पुन्हा हाच विषय आडवा आला होता, आणि तोही यीस्टच्या रूपाने. जे एक आपल्याला येतं असं तिला वाटत होतं, तेच.

"पाठवून दे की तो फोटो," आर्लेन हळूच म्हणाला. "एका फुग्यापायी रूथॅनची खुर्ची घालवणार?"

"बावीस वर्षं मी पोरांना काय सांगतेय? दूध सांडलं की?"

आर्लेनला ते पाठ होतं. सगळ्या टॅमरॅकला पाठ होतं, कारण निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलं होतं. "आधी काय झालं ते सांग, मग फडकं आणू," त्याने म्हणून दाखवलं.

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला. "मी बस काढतो."

तिने कार्डासकट फुगलेल्या फुग्याचा फोटो आणि मांडणीचा व्हिडिओ लावला, तिन्ही वेळची मापं लिहिली आणि खाली लिहिलं: 'दुसरा फुगा तिन्ही वेळा फुगला. का ते मला कळत नाही. मी यीस्टला सेहेचाळीस वर्षं ओळखते. पुस्तक त्याला किती वर्षं ओळखतं ते मला माहीत नाही.' बटण दाबलं, आणि शेवटचं वाक्य लिहायला नको होतं हे तिला लगेच कळलं. पण पाठवलेलं परत घेता येत नव्हतं.

मंगळवारी दुपारी डॉ. टेस्के यांचं उत्तर आलं. या बाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात नखाएवढा एक गोल फोटो आणि खाली दोन ओळींचे कोरडे शेरे, एवढीच त्यांची ओळख होती. या वेळी चार ओळी होत्या. 'मापं बरोबर आहेत. निष्कर्ष बरोबर नाही. तुमच्या व्हिडिओत चार मिनिटं दहा सेकंदांवर तुमचा डावा हात बघा. काय दिसलं ते लिहा आणि प्रयोग पुन्हा करून गुरुवारी पाचपर्यंत पाठवा.'

आर्लेन बस लावून घरात आला तेव्हा ती लॅपटॉपसमोर उभी होती, अंगात अजून बालवाडीचा ॲप्रन. "इकडे ये," ती म्हणाली. "मला एकटीला बघवत नाहीये."

व्हिडिओतली जोलीन कॅमेऱ्याकडे बघून समजावत होती की या बाटलीत आपण काहीही घालणार नाही आहोत. उजव्या हाताने ती यीस्ट ढवळत होती. आणि ती हे बोलत असतानाच तिचा डावा हात, कुणी न सांगता, शेगडीशेजारच्या निळ्या डब्याकडे गेला, तीन बोटांत साखरेची चिमूट घेतली, बाटलीवर आणली, बोटं एकमेकांवर घासून सोडली आणि मधल्या बोटाच्या पेराने बाटलीला दोनदा टकटक केलं. मग तो हात परत येऊन शहाण्यासारखा टेबलावर बसला. तिसऱ्या बाटलीला तसंच. चौथीला, मेलेल्या यीस्टलासुद्धा, तसंच.

"अरे देवा," जोलीन म्हणाली. "हे मी केलं? मला काहीच आठवत नाही."

आर्लेनने व्हिडिओ मागे घेतला. हात पुन्हा डब्याकडे गेला, पुन्हा चिमूट, पुन्हा टकटक.

"ही तू नाहीस," तो म्हणाला. "ही आर्डिस आहे."

आर्डिस म्हणजे तिची आई. ती जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचे फोटो होते, लग्नातले, नाताळातले, पण काम करताना तिला कुणी टिपलं नव्हतं. कॅमेरा दिसला की ती पिठाचे हात ॲप्रनखाली घ्यायची. आठ वर्षांची जोलीन दुधाच्या क्रेटवर उभी राहून तिच्या शेजारी यीस्ट भिजवायची, आणि आर्डिस प्रत्येक भांड्यात ती चिमूट टाकून भांड्याला टकटक करायची. तेव्हा ती काय म्हणायची, ते जोलीनला आता आठवलं. "कुणाला उपाशीपोटी कामाला लावू नये, बाळ. यीस्टलासुद्धा नाही."

जोलीन खुर्चीत बसली आणि तिने मन भरून रडून घेतलं. आर्लेन शेजारी उभा राहून तिच्या पाठीवर थोपटत राहिला. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा लाव." असं त्यांनी तो हात सहा वेळा बघितला.

बुधवारी दुपारी चौथ्यांदा बाटल्या मांडल्या. "डबा लपवून ठेवू?" आर्लेनने विचारलं.

"हात शोधून काढेल. त्याला घर माहीत आहे."

"मग दे इकडे." त्याने खुर्ची ओढली आणि तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "शास्त्रासाठी."

व्हिडिओत हे सगळं आलं. एका हाताने ढवळणारी बाई आणि तिचा दुसरा हात धरून बसलेला, कॅमेऱ्याकडे बघून लाजणारा बस ड्रायव्हर. दुसऱ्या बाटलीशी येताच आर्लेनला तो हात ओढ घेताना जाणवला. "थांब, आर्डिस," तो म्हणाला आणि त्याने पकड घट्ट केली. फुगे चढवून झाले तरी दोघं तसेच चाळीस मिनिटं बसून राहिले. हात सोडायचं कारण आता उरलं नव्हतं, पण कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

दुसरा फुगा पडून राहिला. बाटलीच्या गळ्यावर ओघळून, पुस्तकात होता अगदी तसा. जोलीनने कार्ड लावून त्याचा फोटो काढला. तिला आनंद झाला होता आणि त्या बाटलीची दयाही येत होती.

अहवालात शेवटी एक रकाना होता: 'चूक कुठून आली असावी?' तिथे मुलं थर्मामीटर लिहितात, चमचा लिहितात, खोलीची थंडी लिहितात. जोलीनने बराच वेळ विचार करून लिहिलं: 'आर्डिस नेल्सन, माझी आई. अकरा वर्षांपूर्वी वारली. हात अजून कामावर आहे.'

आर्लेनने ते वाचलं. "वाईट नाही," तो म्हणाला. टॅमरॅकात याहून मोठं कौतुक नसतं.

सोमवारी निकाल आला. चौथा प्रयोग पास, कोर्स पास. त्या रकान्यापुढे डॉ. टेस्के यांनी लिहिलं होतं, 'चूक शोधली, तिचं मूळ सापडलं, ती वेगळी काढली आणि पुन्हा तपासलं. यालाच शास्त्र म्हणतात. माझी आजी पाव भाजायला ठेवताना पिठावर बोटाने फुली काढायची. मीही काढते. आज पहिल्यांदा लक्षात आलं.' जोलीनने ते दोनदा वाचलं. आपल्या हातांना शास्त्र कळत नाही असं म्हणणारी बाई आज असती तर काय म्हणाली असती, याचा तिने थोडा विचार केला. बहुतेक तिने विषय बदलला असता.

समितीची बैठक गुरुवारी होती. तिथे रिकाम्या हाताने जायची पद्धत नव्हती, म्हणून जोलीन बुधवारीच दालचिनीच्या पावांचं पीठ भिजवायला उभी राहिली. कोमट पाण्यात यीस्ट टाकलं आणि उजव्या हाताने ढवळायला घेतलं. डावा हात निळ्या डब्याकडे निघाला.

या वेळी तिने तो जाताना बघितला, आणि जाऊ दिला.