जैतुराचा उंबरा

कोसमघाटावर चैत्राचं ऊन उतरतं ते सोनेरी नव्हे, लोखंडी. काळ्या टेकड्यांच्या काळ्या कडांवर ते आपटतं, त्याचे तुकडे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा डोळ्यांत खुपतो. या टेकड्या देवाने रचलेल्या नाहीत. धरित्रीच्या उदरातून मँगनीज उपसून उपसून, निवडून निवडून, जे कुणालाच नको होतं ते माणसांनी डोक्यावरून वाहून आणलं आणि इथे ओतलं. आता त्यांवर साग उगवला आहे, आणि लांबून पाहणाऱ्याला ते डोंगरच वाटतात.

टेकड्यांच्या पायथ्याशी मोहाची झाडं. निष्पर्ण, निःशब्द, निराधार. पहाटे ओघळलेली त्यांची पिवळसर, रसाळ फुलं भुईवर विखुरलेली, आणि त्यांच्या उग्रमधुर गंधाने सारं रान घेरलेलं. वेचायला मात्र कुणी नाही. वेचणारे गेले. गेले म्हणजे घालवले. हा शब्द नीट लिहिलाच पाहिजे.

त्या गंधातून, त्या उन्हातून एक गाडी आली आणि झाडाखाली थांबली. हेमलता उतरली, पलीकडचं दार उघडून तिने बापाला हात दिला. सुकलू मडावी उतरला: वाळलेला देह, थरथरते हात, आणि अचल, अबोल, दगडी चेहरा.

तो कंप म्हातारपणाचा नव्हता. खाणीची काळी धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत झिरपते आणि शेवटी हातांत थरथरते, चेहऱ्यावर थिजते. मग हसू आलं तरी ओठ हलत नाहीत. संताप आला तरी कपाळावर आठी पडत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं, तेव्हा हेमलता दवाखान्याच्या जिन्यात बराच वेळ उभी होती. ती रडली नव्हती. तिला राग आला होता, आणि तो अजून उतरला नव्हता.

सुकलूला आता एकच गोष्ट हवी होती. मोहाचं पहिलं फूल त्यांच्या घरात कुणी तसंच तोंडात घालत नसे. आधी ते आपल्या उंबऱ्यावर ठेवायचं, मागे गेलेल्यांची नावं घ्यायची, मग लेकरांनी खायचं. खाण बंद पडली, मजुरांची वस्ती उठवली गेली, सुकलू नागपुरात भाड्याच्या खोल्यांमधून फिरत राहिला. पण भाड्याच्या उंबऱ्यावर फूल ठेवता येत नाही. म्हणून इतके चैत्र आले, इतके मोह गळले, आणि त्याने एकही फूल जिभेवर ठेवलं नाही.

"एकडाव मायच्या उंबऱ्यावर फूल ठेवाचं हाय," तो निघताना म्हणाला होता. "मंग हे हात राहो की जावो."

झाडाखाली वाकून त्याने ओंजळभर फुलं वेचली. निम्मी थरथरत्या बोटांतून सांडली, निम्मी सदऱ्याच्या खिशात गेली. हेमलताने मदतीला हात पुढे केला, तर त्याने तो बाजूला सारला.

ती मग पुढे धावली. घाणेरीच्या झुडपांमागे तिला दगडी भिंत दिसली: पडकी, शेवाळलेली, पण भिंत! भिंतीत दाराची चौकट होती आणि चौकटीखाली घडीव उंबरा होता. तिचा ऊर भरून आला. ज्या घराबद्दल जन्मभर नुसतं ऐकलं, ते घर! तिने ओढणीने उंबऱ्यावरची माती झाडली, पालापाचोळा काढला, त्या गार दगडावर कपाळ टेकलं, आणि रडक्या आवाजात हाक मारली, "बाबा, सापडलं! या ना जी, आपलं घर सापडलं!"

सुकलू हळूहळू आला. भिंत पाहिली, चौकट पाहिली, लेकीच्या कपाळावरची माती पाहिली.

"हे आपलं नोहय, माये," तो म्हणाला. "हा खाणीच्या साहेबाच्या घोड्याचा तबेला हाय."

हेमलता ताडकन उठली. ओढणीने कपाळ पुसू लागली, पुसतच राहिली.

"आपल्या घराले दगडाची भित कोठून येईल? कुडाचं होतं ते. पावसानं नेलं असन."

कुडाचं घर! काड्यांचं, शेणामातीचं, गवती छपराचं. घोडा चुनेगच्ची दगडांत राहत होता आणि सुकलूची माय जैतुरा काड्यांत. घोड्याचं दाणापाणी पाहिलेल्या भिंती उभ्या, जैतुराचा घाम प्यालेल्या भिंती नाहीशा. आणि तिची शिकलीसवरलेली नात, शाळेत पोरांना इतिहास शिकवणारी, घोड्याच्या दारात डोकं टेकवून रडली. हेमलताला स्वतःचा राग आला, साहेबाचा आला, त्या मेलेल्या घोड्याचाही आला.

"मग आपलं काय उरलं असेल, बाबा?"

"उंबरा," सुकलू म्हणाला. "त्याले पाऊस नेत नाही."

कोसमघाटच्या खाणीत बायका खनिज फोडत. मांडी घालून बसायचं, पुढ्यात सपाट दगड घ्यायचा, त्यावर खनिजाचा काळा डल्ला, म्हणजे ढेकूळ, ठेवायचा आणि हातोडीने फोडायचा. चांगलं टोपलीत, खोटं पाठीमागे. सकाळ फुटायची, दुपार फुटायची, तारुण्य फुटायचं. घाव बसत राहत, आणि खालचा दगड मधोमध झिजत झिजत खोल होत जाई. खळगा फार खोल झाला की दगड कामातून जायचा, तेव्हा बाई तो घरी न्यायची आणि दारात बसवायची. खाणीने तिला दुसरं काहीच दिलेलं नसे. म्हणून मजुरांच्या वस्तीत घर कुडाचं असलं तरी उंबरा दगडाचा होता, आणि प्रत्येक उंबऱ्याला एक खळगा होता.

जैतुराच्या उंबऱ्याला दोन होते. एक मोठा, तिचा. दुसरा लहान, कडेचा. कारण तिच्या समोर बसून, लहानशी हातोडी घेऊन, तिचा सुकलू फोडत असे. ज्या वयात मुलं चिंचोके खेळतात त्या वयात.

वस्ती होती त्या उतारावर आता हिरवळ होती. मऊ, मखमली, मिजासखोर हिरवळ. वरच्या अंगाला साहेबाचा बंगला पांढराशुभ्र रंगवलेला, त्याचं आता रिसॉर्ट झालेलं, आणि फाटकावर देखणी पाटी: 'या निर्जन अरण्यात साहेबांनी पहिलं घर बांधलं.'

निर्जन! हेमलताने तो शब्द पुन्हा वाचला. हजार हातोड्यांचा नाद ज्या उतारावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत घुमला, जिथे बाळंतपणं झाली, भांडणं झाली, लग्नं लागली, मयती निघाल्या, तो उतार निर्जन. पाटी लिहिणाऱ्याच्या हातात तिला दिवसभर हातोडी द्यावीशी वाटली.

मॅनेजर मयूर हसतमुखाने सामोरा आला. कोकमाचे पेले आले. "हेरिटेज बघायला आलात? वा! दुपारी आमची मजूर थाळी नक्की घ्या. ऑथेंटिक. तांदळाची पेज, पितळी वाटीत."

"पितळी वाटीत?" सुकलूने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, म्हणून मयूर आणखीच हसला.

फाटकापासून बंगल्यापर्यंत पायवाट होती, आणि पायवाट दगडांची होती. प्रत्येक दगडाच्या मधोमध खळगा होता. सुकलू थबकला. मग हेमलताचं मनगट इतक्या जोरात धरून त्याने तिला गवतावर ओढलं की तिच्या बांगड्या रुतल्या.

"पाय देऊ नको. उंबरे हायेत."

उंबरे होते. साऱ्या वस्तीचे उंबरे, उपटून, ओळीने, उताणे मांडलेले. ज्यांवर कधी कुणी पाय दिला नाही, ओलांडून आत गेले, ओलांडून बाहेर आले, त्यांवरून आता पाहुण्यांच्या चाकांच्या बॅगा खडखडत जात होत्या. दारं नाहीत, घरं नाहीत, माणसं नाहीत. नुसते उंबरे, आणि सारे एकाच बंगल्याकडे जाणारे. हेमलता ते उंबरे मोजू लागली. बाप मात्र गवतातून, एकेका दगडाकडे बघत, पुढे पुढे चालला होता.

वाट संपली तिथे, गुलाबांच्या वाफ्यात, पांढऱ्या खांबावर एक दगड चढवलेला होता. मोठ्या खळग्यात पाणी, पाण्यावर पाकळ्या. शेजारच्या लहान खळग्यात सुगंधी मेणबत्ती.

सुकलूने मेणबत्ती उचलून वाफ्यात टाकली. लहान खळग्यात बोट घातलं. एरवी सतत थरथरणारं ते बोट तिथे, त्या गुळगुळीत खोलगटात, नेमकं बसलं.

"हा खड्डा माहा हाय," तो म्हणाला.

"सर, हात नका लावू प्लीज," मयूर धावत आला. "बर्ड बाथ आहे तो. अँटिक पीस आहे."

हेमलता वळली. इतकी वर्षं जिन्यात थांबलेला राग आता जिना उतरून आला होता. "अँटिक?" ती म्हणाली. "हे लहान पोराने हातोडी मारून पाडलेलं भोक आहे. ते पोर हे उभं आहे तुमच्यासमोर. आणि हा मोठा खड्डा माझ्या आजीच्या आयुष्याचा आहे. यात पाखरं आंघोळ करतात?"

मयूर मागे सरकला. मालकांना फोन लावतो म्हणाला आणि बंगल्याकडे पळाला.

सुकलू तोवर वस्तीच्या पाणवठ्याच्या विहिरीकडे निघाला होता. विहीर तीच होती. आत रंगीत दिवे सोडले होते एवढंच. तिच्या काठाशी उभं राहून त्याने डोळे मिटले. डोक्यावर घागर घेतल्यासारखी मान ताठ झाली. मग तो चालू लागला: उतारावरून तिरपा, वळणावर किंचित झुकत, कधीच्या मोडलेल्या कुंपणाला वळसा घालत, कधीच्या मेलेल्या शेजाऱ्याचं अंगण टाळत. हिरवळीला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या तळव्यांना ठाऊक होतं. एका जागी तो थांबला. तिथे पाणी उडवणारं कारंजं फिरत होतं, त्याने त्याचा सदरा भिजवला, तरी तो हलला नाही.

"इथं," तो म्हणाला.

वाफ्याला पाणी घालणारी अंजिरा, गावातलीच, केस पिकलेली माळीणबाई, मघापासून नळी हातात धरून हे सारं बघत होती. तिने नळी खाली टाकली, कारंज्याचा नळ बंद केला, आणि झुडपाआडची पहार घेऊन खांबाशी आली. तिची नोकरी त्या पहारेच्या टोकावर होती, हे तिलाही कळत होतं.

"सरका जी, बाई," ती हेमलताला म्हणाली. "माही माय बी इथंच फोडे."

पहार खांब आणि दगडाच्या फटीत शिरली. हेमलताने खांदा लावला. चुना तडकला, पाकळ्या सांडल्या, पाणी गुलाबांत वाहून गेलं, आणि दगड धप्पकन जमिनीवर आला. खुर्च्यांवरचे पाहुणे उठून उभे राहिले. दोघींनी तो दगड कडेवर उभा केला, लोटला, उलटवला, पुन्हा लोटला. मखमली हिरवळीवर लोळणाऱ्या त्या दगडामागे काळ्या मातीची जखम उघडी पडत गेली, उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हेमलताची नखं फुटली. तिला ते बरं वाटलं.

सुकलूने दाखवलं तिथे, दाखवलं तसा, साहेबाच्या बंगल्याकडे तोंड करून दगड बसला. लहान खळगा डाव्या हाताला, मोठा मधोमध. सुकलू तो ओलांडून आत गेला आणि भुईवर बसला. त्याच्या मागोमाग हेमलता आत आली. अंजिरा बाहेरच उभी राहिली, पदर सावरून, बोलावण्याची वाट पाहत.

"ये ना वो, अंजिरा," सुकलू म्हणाला, तेव्हा ती आली.

खिशातली फुलं चेंगरली होती. त्यातलं एक त्याने निवडलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि कापत कापत, घसरत घसरत, मोठ्या खळग्यात ठेवलं. जैतुराचं नाव घेतलं. तिच्या मायचं घेतलं. वस्तीतल्या जितक्या बायकांची आठवली तितकी घेतली, आणि आठवली नाहीत त्यांना 'तुम्ही बी या' म्हणाला. मग एक फूल त्याने लेकीच्या तोंडात घातलं, एक अंजिराला दिलं, आणि शेवटचं स्वतःच्या जिभेवर ठेवलं. चेहरा तसाच दगडी राहिला. पण डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना, आणि त्याने ते पुसलं नाही.

मयूर बंगल्यातून तणतणत आला. मागे दोन पहारेकरी, कानाला फोन, फोनमध्ये मालकाचा चढलेला आवाज. हिरवळीवरची काळी जखम बघून त्याचा तोल गेला. "उठा! उठा इथून!" ओरडत तो थेट आला, आणि आत यायला त्याने पाय उचलला.

सुकलूने मान वर केली. त्याच्या कपाळावर आठी पडू शकत नव्हती, भुवई चढू शकत नव्हती, ओठ वळू शकत नव्हते. सारा संताप एका आवाजात उतरला, आणि तो आवाज अजिबात थरथरला नाही.

"घरात येतोस तं चपला काढून ये, बाबू."

तिथे भिंत नव्हती. छप्पर नव्हतं, दार नव्हतं, कडी नव्हती. वर सगळं आभाळ आणि खाली गवत. मयूरचा पाय हवेत राहिला. पहारेकरी एकमेकांकडे बघू लागले. मालक फोनमध्ये ओरडत होता, ओरडत होता. मग तो पाय हळूहळू खाली आला, आणि आला तो बाहेरच्या बाजूला.