एका पासवर्डाचे चार धनी

मित्रांनो, मी एक जुना लॉगिन आयडी आहे. मला ना हात, ना पाय. एका रुग्णालयाच्या रक्तपेढीतल्या संगणकात माझी नऊ वर्षं गेली.

संगणक विभागातल्या बाईंनी मला घडवलं आणि रक्तपेढीच्या मोठ्या ताईंच्या हवाली केलं. "ताई, रोग्यासाठी रक्ताची पिशवी राखायची आणि राखलेली सोडायची, दोन्ही परवानग्या दिल्यात. पासवर्ड नवऱ्यालासुद्धा सांगायचा नाही हं!"

"त्यांना डब्यातली साखर सापडत नाही, पासवर्ड कुठला लक्षात राहतोय!" ताई हसल्या.

ताई एका बोटाने टंकायच्या, पण चूक म्हणून नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी नोंदी पाहून मान डोलावली, तेव्हा मीसुद्धा फुशारलो.

मग ताईंच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि ताई रजेवर निघाल्या. त्यांचं काम बघणाऱ्या मदतनीस बाईंना वेगळा आयडी हवा होता, पण अर्ज रक्तपेढीच्या साहेबांच्या टेबलावर अडकला. काम खोळंबू नये म्हणून ताईंनी त्यांना माझा पासवर्ड सांगितला. त्यांनी तो दुपारपाळीच्या तंत्रज्ञाला दिला, त्याने नव्या मुलीला. शेवटी फ्रीजच्या दारावर पासवर्डाची चिठ्ठीच लागली.

माझी मती गुंग झाली. एकजण पिशवी राखी, दुसरा सोडी. समोर कोण बसलंय, मला कसं कळणार? अक्षरं जुळली की मी आपला दार उघडी.

एके सकाळी शस्त्रक्रियेसाठी राखलेल्या दोन पिशव्या कोणीतरी सोडून दिल्या. त्याच आडनावाचा दुसरा रोगी घरी गेला होता, त्याच्या समजून. त्या लगेच भलत्याच रोग्यांना दिल्या गेल्या. इकडे म्हातारे आजोबा टेबलावर, आणि रक्त नाही! दुसऱ्या रुग्णालयातून पिशव्या येईपर्यंत त्यांची मुलगी दाराशी उभी होती. आजोबा वाचले, पण थोडक्यात.

ताई परतल्या, तर साहेबांनी नोंद पुढे केली. "तुमच्या नावावर आहे."

"अहो, त्या वेळी नातू माझ्या मांडीवर होता!"

"मग कोणी केलं?"

साहेबांनी पासवर्ड वापरणाऱ्या तिघांनाही विचारलं. मदतनीस बाई पुटपुटल्या, "मीच असेन... की नसेन? देवाशप्पथ, आठवत नाही." बाकीच्या दोघांचंही तेच.

ताई खाली बसल्या. "राहू दे. किल्ली मी दिली, चूकही माझ्यापासूनच सुरू झाली." मग त्या उठल्या आणि आजोबांच्या मुलीची माफी मागायला गेल्या.

त्याच दिवशी चौघांना चार आयडी मिळाले. मला बंद केलं. आता माझ्या नोंदी फक्त वाचता येतात.

मित्रांनो, मी त्या सकाळची नोंद पुन्हा पुन्हा चाचपतो. तिथे ताईंचं नाव आहे आणि ताई नाहीत. आपलं नाव दुसऱ्याच्या हाती देऊ नका, आणि हक्काची किल्ली मागणाऱ्याला ताटकळत ठेवू नका. ती बोटं कोणाची होती, मला अजून उमगलेलं नाही.